रुडबेकिया: अंगणात कोणती, फुलदाणीत कोणती

धाकट्या भावाने वाईहून फोटो पाठवला, तेव्हा मी ऑफिसात होते. सहा कुंड्या, आणि सहाही कुंड्यांत मातीला चिकटून बसलेला केसाळ पानांचा गोल गुच्छ. खाली लिहिलं होतं, ‘ताई, तुझ्या फुलांचं बी समजून मी भाजी पेरली की काय?’ अमेरिकेतल्या मेरीलँडच्या माझ्या अंगणात जुलैभर पिवळंधमक फुलणारं फूल त्याला हवं होतं. बी त्याने तिकडेच मागवलेलं, माती चांगली, पाणी वेळच्या वेळी. तरी ऑक्टोबरपासून जूनपर्यंत एक दांडा वर आला नाही, आणि पहिल्या जोरदार पावसात रोपं सडून गेली.

गोम होती दिवसाच्या लांबीत. रुडबेकिया हिर्टा, म्हणजे इथे सगळे जिला ‘ब्लॅक-आयड सुझन’ म्हणतात ती, मोठ्या दिवसाची वनस्पती आहे. दिवस साधारण चौदा तासांचा झाल्याशिवाय ती फुलाचा दांडा काढत नाही. तोवर पानं पसरून बसून राहते. जातीप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं, पण हिशेब हाच. आमच्या मेरीलँडमधल्या बाल्टिमोरजवळ मेच्या पहिल्या आठवड्यात दिवस चौदा तासांवर जातो आणि जूनच्या शेवटाला जवळजवळ पंधरा तासांचा होतो. वाई-पुण्याकडे वर्षातला सगळ्यात मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या आसपासच. शेवंती लावणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. शेवंतीचं गणित बरोबर उलटं: दिवस लहान झाला की ती कळी धरते, म्हणून पॉलिहाउसमध्ये रात्री दिवे लावून तिला थोपवून धरतात. त्याच दिव्याने रुडबेकिया फुलते. भावाच्या दुसऱ्या प्रयोगाबद्दल शेवटाकडे सांगते. आधी ही झाडं जिथली आहेत, त्या उत्तर अमेरिकेतल्या लागवडीबद्दल.

पाकिटावरचं दुसरं नाव वाचा

रुडबेकिया हे एका झाडाचं नाव नाही, पंचविसेक प्रजातींचं आडनाव आहे. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने ते आपले गुरू ओलोफ रुडबेक यांच्या नावावरून ठेवलं. नर्सरीत मात्र सगळ्याच पिवळ्या फुलांवर एकच पाटी असते, आणि तिथेच माणूस फसतो. एक प्रजाती दोन वर्षांत संपते, दुसरी वीस वर्षं हलत नाही. तेव्हा आडनावापुढचा शब्द पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. आणखी एक सावधगिरी: ‘ब्लॅक-आयड सुझन’ याच नावाने थनबर्जिया अलाटा ही केशरी फुलांची वेलसुद्धा विकतात. ती पूर्व आफ्रिकेतली, हिची कोणी लागत नाही.

फुलं कापून घरात ठेवायची असतील तर हिर्टा. तिचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं. बहुतेक जण ती दरवर्षी नव्याने लावतात. देठ, पानं सगळं खरखरीत केसाळ. मेरीलँडने १९१८ मध्ये हिलाच राज्यफूल केलं. त्याची एक गंमत आहे. बाल्टिमोरच्या प्रसिद्ध प्रीकनेस शर्यतीत जिंकणाऱ्या घोड्याच्या गळ्यात ‘ब्लॅक-आयड सुझन’ची झूल घालतात. शर्यत मेमध्ये, फूल जूनच्या शेवटी. दिवस मोठा झाल्याशिवाय ते शर्यतीसाठीसुद्धा उमलत नाही, त्यामुळे झुलीत खरी सुझन नसतेच. पूर्वी डेझीच्या फुलांचे डोळे काळे रंगवून वेळ मारून नेत असत.

हिर्टाच्या जाती ढिगाने आहेत. मी लावलेल्यांपैकी ‘इंडियन समर’ सगळ्यात दांडगी: तीन-साडेतीन फूट उंची आणि फूल जवळजवळ बशीएवढं. १९९५ मध्ये तिला नव्या जाती पारखणाऱ्या ऑल-अमेरिका सिलेक्शन्स या संस्थेचा पुरस्कार मिळाला. फुलदाणीत एकटी छान दिसते, गुच्छात मात्र शेजारच्या फुलांना झाकून टाकते. ‘प्रेरी सन’चा डोळा काळा नसून फिकट हिरवा असतो, पाकळ्यांची टोकं लिंबाच्या रंगाची. गुच्छासाठी एकच जात लावायची तर मी हीच लावेन. ‘आयरिश आइज’ही हिरव्या डोळ्याचीच, जुनी आणि स्वस्त. ‘चेरोकी सनसेट’मध्ये भरगच्च पाकळ्या आणि पिवळ्यापासून विटकरी-तांबूसपर्यंत रंग येतात, कुठल्या रोपाला कोणता, ते फूल आल्यावरच कळतं. ‘चेरी ब्रँडी’ गडद लाल. ‘सहारा’ हल्ली फुलवाल्यांची लाडकी आहे: जुन्या पैठणीसारखे विटलेले गुलाबी, तपकिरी, मळकट सोनेरी रंग. दिसते देखणी, पण माझ्याकडे देठ आखूड राहतात आणि दहातली तीन-चार रोपं साधी पिवळीच निघतात. ‘टोटो’ फूटभर उंचीची, फक्त कुंडीसाठी. फुलदाणीसाठी तिच्या नादी लागू नका.

‘ग्लोरिओसा डेझी’ या नावाने मिळणारी मोठ्या फुलांची हिर्टाही याच घरातली. आल्फ्रेड ब्लेकस्ली या अमेरिकन शास्त्रज्ञाने कोल्चिसिन हे रसायन वापरून तिच्या गुणसूत्रांची संख्या दुप्पट केली आणि १९५० च्या दशकात ती बाजारात आली. आजच्या मोठ्या फुलांच्या पुष्कळ जातींचं मूळ तिथे आहे.

एकदा लावून विसरायचं असेल तर फुल्जिडा. ही खरी बहुवर्षायू. तिची ‘गोल्डस्टुर्म’, म्हणजे सोन्याचं वादळ, अमेरिकेत पेट्रोलपंपापासून बँकेच्या दारापर्यंत कुठेही दिसते. निवड मात्र जर्मन आहे. पॉट्सडॅमचे कार्ल फोर्स्टर यांच्या नर्सरीच्या हाइनरिश हागेमान यांना १९३७ मध्ये ती आजच्या चेकियातल्या एका नर्सरीत दिसली. मध्ये महायुद्ध आल्यामुळे विक्रीला यायला १९४९ उजाडलं. १९९९ मध्ये ती अमेरिकेत ‘वर्षाची बहुवर्षायू वनस्पती’ ठरली, सगळ्यांनी लावली, आणि सगळ्यांच्या अंगणात तिच्या पानांवर काळे ठिपके पडले. त्याबद्दल पुढे.

ट्रायलोबा दोन वर्षांची. पहिल्या वर्षी पानं, दुसऱ्या वर्षी चार-पाच फुटांचं झुडूप आणि त्यावर रुपयाएवढी शेकडो फुलं. मग झाड मरतं, पण जाण्याआधी इतकं बी सांडून जातं की तुम्हाला पुन्हा विकत घ्यावं लागत नाही. ऑगस्ट-सप्टेंबर तिचा मोसम, म्हणजे नेमके गौरी-गणपतीचे दिवस.

सबटोमेन्टोसाची ‘हेन्री आयलर्स’ जरा महाग, पण माझी लाडकी. हिच्या पाकळ्या नळीसारख्या गुंडाळलेल्या असतात. लांबून वाटतं कोणी पिवळ्या काड्या गोल खोचल्यात. पाच फूट उंच, पानं चुरडली की व्हॅनिलासारखा मंद वास. इलिनॉयमध्ये हेन्री आयलर्स या बागायतदाराला ती कुरणाच्या एका उरल्यासुरल्या तुकड्यावर सापडली.

लॅसिनिआटा सात-आठ फुटांपर्यंत जाते आणि ओलाव्यात खुशाल पसरते. लहान अंगणात आणू नका. पण ती रानभाजी आहे हे कळल्यावर माझं मत थोडं बदललं. अमेरिकेतले मूळनिवासी चेरोकी लोक तिला ‘सोचान’ म्हणतात आणि वसंतात कोवळी पानं खुडून शिजवतात. ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानातून ही पानं गोळा करायची परवानगी त्यांना २०१९ मध्ये करार होऊन मिळाली. आपल्याकडे टाकळा-कुर्डू खुडतात, तसंच हे.

पेरणी

हिर्टाचं बी बारीक, काळपट, खसखशीपेक्षा जरा लांबट. शेवटची गोठवणारी रात्र तुमच्याकडे साधारण कधी येते ते पाहा आणि तिथून आठ-दहा आठवडे मागे मोजा. बाल्टिमोरच्या आसपास ती एप्रिलच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत केव्हाही येते, म्हणून मी फेब्रुवारीच्या शेवटी घरात पेरते.

ट्रेमध्ये बी पेरायचं हलकं मिश्रण भरा, आधीच ओलं करून. बी वर टाकून बोटाने नुसतं दाबा. वर मातीचा थर नको, उजेड लागतो. फार तर चिमूटभर व्हर्मिक्युलाइट, म्हणजे ओल धरणारा हलका खनिज भुसा. प्लॅस्टिकचं झाकण ठेवून ट्रे २१ ते २४ अंश सेल्सिअसमध्ये ठेवा. एक-दोन आठवड्यांत हिरवे ठिपके दिसू लागतात. दिसले की झाकण त्याच दिवशी काढा. मी पहिल्या वर्षी ‘राहू दे अजून दोन दिवस’ म्हटलं आणि सोमवारी सकाळी अख्ख्या ट्रेने माना टाकल्या होत्या. तेव्हापासून पाणी ट्रेच्या खालून देते आणि छोटा पंखा दिवसातून दोन-तीन तास चालू ठेवते. खऱ्या पानांच्या दोन-तीन जोड्या आल्या की एकेक रोप वेगळ्या पेल्यात.

फुल्जिडा आणि ट्रायलोबाचं बी थंडी सोसल्याशिवाय नीट रुजत नाही. ओल्या वाळूत मिसळून चार-सहा आठवडे फ्रिजमध्ये ठेवा, किंवा माझा आळशी मार्ग घ्या. दुधाचा एक गॅलनचा रिकामा प्लॅस्टिकचा कॅन असतो ना, तो कंबरेतून आडवा कापा, पण मुठीखाली दोन इंच जोडलेलं ठेवा, म्हणजे झाकणासारखा उघडतो. तळाला सुरीने सात-आठ भोकं. चार इंच ओलं मिश्रण, वर बी, कडेला चिकटपट्टी. वरचं बूच काढून फेका. जानेवारीत हा कॅन अंगणात ठेवून द्यायचा. बर्फ पडू दे, गोठू दे, वितळू दे. एप्रिलमध्ये आत दाट हिरवं होतं, आणि ही रोपं बाहेरच वाढलेली असल्यामुळे त्यांना हवेची सवय वेगळी लावावी लागत नाही. नाव मात्र कॅनवर लिहू नका, पेन्सिलीने लिहिलेली पट्टी आत खोचून ठेवा. बाहेरची मार्करची अक्षरं मार्चपर्यंत उडतात.

फुलं एकदम न येता टप्प्याटप्प्याने हवी असतील तर हिर्टा तीनदा पेरा. ऑगस्टच्या पेरणीची रोपं हिवाळाभर पानांवर राहतात आणि जूनमध्ये सगळ्यांच्या आधी फुलतात. दुसरी पेरणी फेब्रुवारीची, तिसरी एप्रिलच्या शेवटची. जूनच्या मध्यानंतर पेरलेलं बी माझ्याकडे त्याच वर्षी फुललेलं नाही. रोप अंगाने भरेपर्यंत दिवस आखडू लागलेले असतात, आणि ते पुढच्या वर्षाची वाट बघत बसतं.

लागवड आणि निगा

ऊन किमान सहा तास, आठ मिळालं तर उत्तम. माती कशीही चालते, पाणी साचणारी मात्र नको. माझ्याकडे तांबडी चिकणमाती आहे. त्यात दोन इंच कंपोस्ट मिसळलं आणि वाफा बोटभर उंच केला, एवढंच. खताचा हात आखडता ठेवा. एका वर्षी मी लॉनचं नत्रयुक्त खत उरलं म्हणून टाकलं. पानं पालेभाजीसारखी माजली आणि पहिल्या वादळात देठ आडवे झाले.

घरात वाढवलेली रोपं आठवडाभर रोज थोडी थोडी बाहेर ठेवून मगच लावा. कापण्यासाठी हिर्टा लावताना दोन रोपांत ९ ते १२ इंच पुरतात; दाटीने देठ सरळ वर जातात. फुल्जिडाला दीड-दोन फूट सोडा. पहिला महिना पाणी नियमित, नंतर आठवड्याला इंचभर पाऊस पडत असेल तर वरून काही लागत नाही. पाणी सकाळी आणि मुळाशी द्या.

शेंडा खुडायचा का, हे सगळे विचारतात. हिर्टा बुडातूनच फुटवे काढते, त्यामुळे मी खुडत नाही. उंच ‘हेन्री आयलर्स’ मात्र मेच्या शेवटी एक तृतीयांश छाटते; फुलं दोन आठवडे उशिरा येतात, पण झाड लवंडत नाही. कापायच्या वाफ्यावर सहा इंची चौकोनांचं जाळं रोपं फूटभर असतानाच आडवं ताणून ठेवा. पुढे रोपं त्यातून आपोआप वर येतात. नंतर ताणायला गेलात तर अर्धे देठ मोडतात.

हरणं केसाळ पानांना सहसा तोंड लावत नाहीत. सशांचं तसं नाही. कोवळी रोपं ते मुळापर्यंत कुरतडतात. पहिले सहा आठवडे दोन फुटी जाळीचं कुंपण घाला. पानांवर काळपट काटेरी अळ्या दिसल्या तर लगेच औषध फवारू नका, त्या सिल्व्हरी चेकरस्पॉट फुलपाखराच्या असू शकतात. चार पानं जातील, झाड जगतं.

आता ते काळे ठिपके. हा सेप्टोरिया नावाच्या बुरशीचा करपा. जूनच्या शेवटी खालच्या पानांवर मिरीएवढे तपकिरी-काळे डाग पडतात आणि ऑगस्टपर्यंत ‘गोल्डस्टुर्म’चा खालचा अर्धा भाग जळल्यासारखा होतो. झाड मरत नाही, पण शेजारी विचारतात. बुरशी मागच्या वर्षीच्या गळलेल्या पानांवर हिवाळा काढते आणि पावसाच्या शिंतोड्यांबरोबर वर चढते. म्हणून शरदात रोगट पानं गोळा करून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. वसंतात बुडाशी दोन इंच आच्छादन घाला, गड्डे दाट झाले असतील तर विभागून हवा खेळू द्या. फवारणीच्या मागे मी लागत नाही. नव्याने लावणार असाल तर ‘गोल्डस्टुर्म’ऐवजी ‘अमेरिकन गोल्ड रश’ घ्या. तिच्या बारीक केसाळ पानांवर हा रोग फारसा टिकत नाही. २०२३ ची ‘वर्षाची बहुवर्षायू वनस्पती’ तीच. पानांवर पांढरी पिठूळ बुकटी आली तर ती भुरी, दाटीचाच परिणाम.

फुलं कापणं

सकाळी, दव वाळल्यावर पण ऊन चढायच्या आत. बरोबर पाण्याची बादली घेऊन जा; घरी आणून मग पाण्यात ठेवते म्हटलं की गेलं.

कोणतं फूल कापायचं ते डोळ्याकडे बघून ठरवा. पाकळ्या पूर्ण पसरलेल्या पण टवटवीत, आणि मधला गोळा घट्ट. या गोळ्यात शेकडो सूक्ष्म फुलं असतात आणि ती खालून वर, कडेकडेने उमलत जातात. गोळ्याच्या तळाशी परागांचं पिवळं कडं दिसू लागलं असेल तर ते फूल मधमाश्यांना सोडा. घरात ते तीन-चार दिवसच टिकेल. मग फुलाच्या खाली वीतभर अंतरावर देठ धरून हलकेच हलवा. मान लवली तर अजून कच्चं आहे. काठीसारखं ताठ राहिलं तर कात्री खाली न्या, जिथे बाजूचा फुटवा निघालाय त्याच्या बरोबर वर. लांब देठ कापायला जीव होत नाही, पण कापलं की बुडातून पुढचे देठही लांबच येतात.

पाण्यात बुडणारं प्रत्येक पान काढा. केसाळ देठांमुळे या फुलांचं पाणी फार लवकर घाण होतं. दुसऱ्या दिवशी गढूळ, तिसऱ्या दिवशी वास. मी पहिले चार-पाच तास बादली गार, अंधाऱ्या तळघरात ठेवते, मग गुच्छ बांधते. फुलदाणी साबणाने घासलेली, पाण्यात लिटरमागे ब्लीचचे दोन-तीन थेंब, दर दिवसाआड पाणी बदलून देठाचं टोक अर्धा इंच छाटायचं. एवढं केलं तर हिर्टा आठवडा ते दहा दिवस सहज राहते. पाकळ्या गळल्या तरी देठ फेकू नका. त्या उघड्या काळ्या बोंडांचा गुच्छ दसऱ्याच्या सजावटीत झेंडूशेजारी फार शोभतो.

हाराचा नाद मात्र सोडा. गणपतीला झेंडू मिळेना म्हणून मी एकदा रुडबेकियाचा हार ओवायला बसले. मधल्या टणक गोळ्यातून सुई जाईना, गेली तर फूल दुभंगे, आणि आरतीच्या आधी अर्ध्या पाकळ्या पाटावर. तेव्हापासून गौरींच्या दोन्ही बाजूंना ट्रायलोबाच्या लांब फांद्या पितळी तांब्यात, आणि पाकळ्या फक्त रांगोळीत.

महाराष्ट्रात लावायची असेल तर

भावाने दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पुन्हा पेरलं. डिसेंबरच्या शेवटी रोपांना आठ-दहा पानं आल्यावर त्याने कुंड्या गॅलरीत आणल्या आणि रोज रात्री दहा ते दोन त्यांच्यावर साधा पिवळा बल्ब लावला, टायमर जोडून. सबंध दिवस लांबवायची गरज नसते; रात्र मध्येच तोडली की झाडाला ती लहान वाटते. मार्चच्या सुरुवातीला सहापैकी चार कुंड्या फुलल्या. त्यात सगळ्यात आधी ‘टोटो’, जिला मी फुलदाणीसाठी नाकं मुरडते. पावसाळ्यात ही रोपं तिकडे टिकवायच्या भरीस पडू नका. उन्हाळ्यात फुलं घ्या आणि सोडून द्या.

बी आणि नवी रोपं

सप्टेंबरनंतर मी कापणं थांबवते. वाळलेली बोंडं उभीच ठेवते, कारण गोल्डफिंच नावाचे पिवळे पक्षी त्यावर उलटे-सुलटे लटकून बी टिपतात. आपल्यासाठी बी हवं असेल तर बोंड पूर्ण काळं, कोरडं झाल्यावर कागदी पाकिटात चोळा. ‘चेरोकी सनसेट’सारख्या मिश्र रंगांच्या जातीचं बी आईसारखं निघेलच असं नाही. फुल्जिडा दर तीन-चार वर्षांनी वसंतात उपटून, कुदळीने गड्डा चिरून, बाहेरचे ताजे तुकडे पुन्हा लावा.

आणि ट्रायलोबा पेरली असेल तर तिची जागा खुणावून ठेवा. ट्रायलोबा म्हणजे तीन भागांची, पण जमिनीलगतच्या कोवळ्या पानांना बऱ्याचदा ते तीन भाग नसतातच; ती अगदी तणासारखी दिसतात. एका एप्रिलमध्ये मी दोन दिवस गावाला गेले असताना नवऱ्याने मोठ्या प्रेमाने वाफा साफ करून ठेवला. चाळीसेक रोपं, मुळासकट, नीट ढीग करून. आता मी आइस्क्रीमच्या काड्या खोचते, आणि त्यावर मराठीत लिहिते: ‘उपटू नये.’